शरयूताईंचे बिननावाचे किनारे

शुक्रवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास निखिलचा फोन आला, तेव्हा मी कॉव्हेंट्रीच्या आमच्या ऑफिसात एका मीटिंगमधून नुकतीच बाहेर पडत होते. निखिल हा शरयूताईंचा एकुलता एक मुलगा. लंडनजवळ हाउन्सलोला राहतो, विमानतळाजवळच्या एका मालवाहतूक कंपनीत नोकरी करतो. त्याचा फोन मला वर्षातून एकदा, फार तर दोनदा यायचा. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं आणि का कोण जाणे, मी आधी भिंतीला टेकले. "आईचा गाडी सापडला," तो म्हणाला. लेस्टरच्या शाळेत वाढलेल्या मुलाचं मराठी. एरवी त्याच्या त्या 'चा'-'ची'वर आम्ही सगळे हसायचो. "नॉरफोकला. बीचचा कार पार्कमध्ये. रात्रभर तिथेच होता. पोलीस सांगतात, आई नाही सापडली." कधी गेल्या, कुणी पाहिलं, यातलं मी काहीच विचारलं नाही. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच... "काल ओहोटी किती वाजता होती?" मग तो हळूच म्हणाला, "तू हे का विचारते?"

दुपारी त्याचा पुन्हा फोन आला. कुत्र्याला फिरायला घेऊन आलेल्या एका माणसाला शरयूताई वाळूवर सापडल्या होत्या. गाडीपासून दोन मैल पूर्वेला.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. त्यांच्यावर लिहावं असं या पुरवणीच्या संपादकांनी सुचवलं तेव्हा आधी मी नाही म्हटलं होतं. कारण शरयूताईंबद्दल लिहायचं तर किनाऱ्यांबद्दल लिहावं लागणार, आणि किनाऱ्यांबद्दल लिहायचं तर मला जे माहीत होतं आणि मी जे कुणाला सांगितलं नाही, तेही लिहावं लागणार.

२००३ साली वर्क परमिटवर लेस्टरला आले, तेव्हा ओळखीच्यांकडून कळलेल्या पत्त्यावर, त्यांच्या घरातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी भाड्याने राहू लागले. त्यांचे यजमान जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्या स्वतः इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. खिडकी नसलेली खोली आणि दिवसभर गरगरणाऱ्या यंत्रांची घरघर... घरी आल्यावरही कानातून जायची नाही म्हणायच्या. माहेर नागपूरचं, जुन्या महाल भागातलं, दोन खोल्यांत अकरा माणसांचं. समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर इंग्लंडला येताना, विमानाच्या खिडकीतून. आणि गाडी चालवायला शिकल्या त्या नवरा गेल्यावर, अठ्ठावन्नाव्या वर्षी. तिसऱ्या खेपेला टेस्ट पास झाल्या आणि त्याच आठवड्यात एकट्या निघाल्या, लेस्टरहून थेट समुद्रापर्यंत. देशाच्या मधोमध असलेल्या या गावातून समुद्र कुठल्याही बाजूला दोन-अडीच तासांच्या आत येत नाही. त्यांना त्याचंही काही वाटायचं नाही.

मी हर्णैजवळची. आमच्या परसातून समुद्राचा आवाज यायचा. वडिलांचं दुकान होतं पण काका होडीवर जायचे, त्यामुळे अष्टमीला पाणी मंदावतं तो भांग आणि अमावास्या-पौर्णिमेचं उधाण हे मला पाढ्यांच्या आधी ठाऊक. शरयूताईंना हे कळलं त्या दिवशी माझी भाडेकरू म्हणून असलेली ओळख संपली. "म्हणजे तू माझ्यासोबत चलशील," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, ठरवूनच टाकलं. त्यानंतरची पाच वर्षं, आधी त्यांच्या घरात राहून आणि पुढे लग्नानंतर कॉव्हेंट्रीहून येऊन, मी महिन्यातून एकदा तरी त्यांच्या शेजारच्या सीटवर असायची. मांडीवर रोड अ‍ॅटलास, पायाशी फ्लास्क आणि दशम्यांचा डबा.

त्यांना गर्दीचे किनारे चालायचे नाहीत. आइस्क्रीमची गाडी, गाढवाच्या फेऱ्या, खुर्च्या भाड्याने देणारे, असलं काही दिसलं की त्या गाडी वळवत. त्यांचा नियम असा, की कार पार्कमध्ये दुसरी एखादी गाडी असेल तर आपण पुढे जायचं. मी एकदा म्हटलं, "ताई, एवढा माणसांचा कंटाळा?" तर म्हणाल्या, "माणसांचा नाही गं, आवाजाचा. इथे उभं राहिलं की मला माझा श्वास ऐकू येतो. आयुष्यात कधी आला नव्हता." असे त्यांचे दहा-बारा किनारे होते. शेतकऱ्याचं फाटक उघडून, मेंढ्यांच्या मधून, काटेरी पिवळ्या झुडपांतून उतरत जावं लागणारे. त्यांची नावं कुणाला सांगायची नाहीत अशी ताकीद होती आणि ती मी आजही पाळते आहे. नावं सांगितली की पुढच्या उन्हाळ्यात तिथे गाड्या दिसतील, म्हणायच्या.

सुरुवातीला त्या फार सावध होत्या, हे मला सांगितलंच पाहिजे. मी कोकणातली असून घाबरायचे आणि त्या नागपूरच्या असून शांत. एकदा नॉर्थम्बरलंडमध्ये, एप्रिलच्या स्वच्छ उन्हात, आम्ही पाण्याच्या कडेने मैलभर गेलो होतो. समुद्रावर एक पांढरी रेघ दिसली. मी ती नीट पाहीपर्यंत ती आमच्यावर येऊन पडली. धुकं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. लाटांचा आवाज चारी बाजूंनी येऊ लागला आणि समुद्र नक्की कुठल्या बाजूला आहे हे मला कळेना. मी त्यांची बाही धरून ठेवली. त्या म्हणाल्या, "पायाखाली बघ." वाळूवर पाण्याने पाडलेल्या वळ्या होत्या. येताना त्या कशा आडव्या होत्या ते त्यांनी पाहून ठेवलं होतं. त्या वळ्या ओलांडत, पावलं मोजत त्यांनी मला कोरड्या वाळूपर्यंत आणलं. मग खाली बसून फ्लास्कमधला चहा ओतला आणि म्हणाल्या, "लॅबमध्ये एकच शिकले. आधी नोंद करायची, घाबरायचं नंतर."

टाइड टेबलच्या त्यांच्याकडे चोपड्या असत, भरती-ओहोटीच्या वेळांच्या, दुकानात मिळतात तशा लहान. दर वर्षीची नवी. त्यातल्या वेळा बहुतेक ठिकाणी हिवाळ्याच्या घड्याळाप्रमाणे छापतात. उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे जातात, तेव्हा त्यात एक तास मिळवावा लागतो. त्या पेन्सिलीने, देवनागरी आकड्यांत, समासात बेरीज करून ठेवायच्या. नेहमी. कधी चुकल्या नव्हत्या.

पहिल्यांदा चुकल्या ते गेल्या वर्षी, जुलैमध्ये. आम्ही वेल्समध्ये पेम्ब्रोकशरला दोन दिवसांसाठी गेलो होतो. तिथला त्यांचा किनारा म्हणजे दोन कड्यांच्या मधली वीस पावलांची वाळू. ओहोटी असताना कड्याच्या नाकाला वळसा घालून जायचं, आणि पाणी परतायच्या आत त्याच वाटेने यायचं. दुसरी वाट नाही. सकाळी, उतरलो होतो त्या बी अँड बीमध्ये नाश्ता करताना त्यांनी तिथल्याच दुकानातून घेतलेली चोपडी उघडली आणि पहिल्या पानावरची ओळ मोठ्याने वाचली, की या चोपडीतल्या उन्हाळ्याच्या वेळांत तो तास आधीच मिळवलेला आहे. "बरं झालं, बेरीज वाचली," असंही म्हणाल्या. मी टोस्टला लोणी लावत होते. मला ते स्पष्ट आठवतं, कारण नंतर मी ते पुष्कळदा आठवून पाहिलं.

दुपारी त्या वाळूवर आम्ही डबा खाल्ला. त्या पाठ टेकून डोळे मिटून पडल्या होत्या. मी खडकाकडे पाहत होते, आणि येताना कोरडा असलेला एक खडक मला कोरडा दिसेना. "ताई, निघू या का?" "अजून तास आहे." मी थांबले. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. त्यांनी चोपडी काढून दाखवली. समासात पेन्सिलीने एक तास मिळवलेला होता... छापील वेळेत आधीच असलेला तास, दुसऱ्यांदा. मी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं. कड्याच्या नाकाशी पाणी माझ्या कमरेपर्यंत होतं, त्यांच्या छातीपर्यंत. लाट खडकावर आपटून परत आमच्यावर येत होती. मी त्यांचा पट्टा धरला होता आणि त्यांनी बॅग डोक्यावर. दोनदा त्यांचे पाय सुटले. पलीकडे पोचल्यावर आम्ही दोघी शिंपल्यांच्या ढिगावर बसून राहिलो आणि बराच वेळ आमचे दात वाजत होते.

संध्याकाळी मी ते पहिलं पान त्यांच्यासमोर ठेवलं. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, "अगंबाई, हे मी वाचायला हवं होतं." मी म्हटलं, "तुम्ही वाचलंत, ताई. सकाळी. मोठ्याने." त्यांना त्यातलं काहीही आठवत नव्हतं. नाश्ता आठवत होता, मी जास्त लोणी घेतलं तेही आठवत होतं, पण ते वाचणं नाही. खिडकीबाहेर अजून ऊन होतं. त्यांनी चोपडी मिटली, दोन्ही हातांनी धरून ठेवली, आणि म्हणाल्या, "निखिलला सांगू नकोस."

"ताई, डॉक्टरला तरी..."

"डॉक्टरला सांगितलं की निखिलला कळणार. निखिलला कळलं की गाडीची चावी जाणार. मग मी काय करू? बेलग्रेव्ह रोडवर भाजी घेत फिरू? तुला शपथ नाही घालत. नुसतं सांगते आहे, नको सांगूस."

मी नाही सांगितलं.

त्यानंतर मी पाहायला लागले. नको असलेलं काम होतं ते. गॅसवर दूध ठेवून त्या बागेत जात. फ्लास्क भरला म्हणत आणि वाटेत उघडावा तर रिकामा. मला एकदा 'सिंधू' म्हणून हाक मारली. सिंधू ही त्यांची धाकटी बहीण, नागपूरलाच वारली, वीस वर्षांपूर्वी. प्रत्येक वेळी मी काहीतरी कारण शोधून काढलं. वय झालंय, एकट्या राहतात, झोप लागत नाही. टाइड टेबल मात्र मी स्वतः बघायला लागले. पाणी किती वाजता फिरणार ते मी गाडीत बसतानाच सांगायचे, जणू काही गप्पांच्या ओघात. त्यांना ते कळायचं, असं मला आता वाटतं. एकदा वळणावर गाडी हळू करत म्हणाल्या, "तू आताशा माझ्यावर पहारा करतेस." मी हसण्यावारी नेलं. ऑगस्टमध्ये एकदा मी निखिलला फोनही लावला. तो उचलल्यावर हवापाण्याचं बोलले, त्याच्या नोकरीचं विचारलं आणि ठेवून दिला. मनात म्हटलं, मी सोबत असते ना, मग काय होणार आहे.

या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे गेली आणि मंगळवारी लक्ष्मीपूजन आलं. मी ऑफिसातून परस्पर लेस्टरला गेले. बेलग्रेव्ह रोडवर, आपल्या लोकांच्या बाजारात, रोषणाई होती, गाडी लावायला जागा मिळेना. शरयूताईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "किती उशीर, साडेसात वाजले." माझ्या मनगटावर साडेसहा झाले होते. स्वयंपाकघरात गेले तर भिंतीवरचं घड्याळ एक तास पुढे. ओव्हनवरचं पुढे. दिवाणखान्यातलंही पुढे. दोन दिवस त्या सगळ्या गावापेक्षा एक तास पुढे जगत होत्या आणि त्यांना ते कळलं नव्हतं. त्या देवासमोर समईत तेल घालत होत्या, पाठमोऱ्या. मी स्टूल घेतलं, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, काटा मागे केला आणि परत टांगलं. मग ओव्हनचं. मग आतलं. आवाज न करता. सणाच्या दिवशी त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून... असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

फराळाचं ताट माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "परवा भाऊबीज. ओवाळायला इथे मला भाऊ नाही. आपण नॉरफोकला जाऊ. अमावास्येचं उधाण आहे, पाणी पार क्षितिजापर्यंत मागे जाईल. चलतेस?" मी म्हटलं, गुरुवारी नाही जमणार, काम आहे, रविवारी जाऊ. "रविवारपर्यंत उधाण ओसरेल." "मग पुढच्या पौर्णिमेला. एकट्या जाऊ नका हं, ताई." त्या चकली मोडत होत्या. "बरं," म्हणाल्या. त्यांचं ते 'बरं' मला ओळखीचं होतं. ते ऐकलं हे सांगण्यासाठी असायचं, मानलं असं नव्हे.

उधाणाच्या ओहोटीला तो किनारा कसा होतो ते मी पाहिलेलं आहे. समुद्र दिसतच नाही. मैलभर सपाट, ओली, चकाकती वाळू, आणि तिच्यात उथळ घळी, पायाच्या घोट्याएवढ्या खोल. माणूस पुढे पाहत चालत राहतो. पाणी परततं ते समोरून येत नाही. ते आधी त्या घळींमधून, मागून येतं, काही आवाज न करता, आणि आपण उभे असतो ती वाळू बेट होऊन जाते. मला हे माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. मला ते त्यांनीच दाखवलं होतं.

अंत्यसंस्कारानंतर दोन दिवसांनी निखिलने मला घरी बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याने एक झेरॉक्स ठेवली. गाडीत सापडलेल्या चोपडीतलं पान होतं. पोलिसांना समासातली पेन्सिलीची अक्षरं लागली नव्हती, आणि त्यालाही. त्याला देवनागरी वाचता येत नाही. "हे काय लिहिलं आहे?" त्याने विचारलं. मी पाहिलं. १२:४० + १ = १:४०. ताईंचा आकडा, लॅबमधला, स्वच्छ. मी वाचून दाखवलं. मग त्या अधिक एकचा अर्थ सांगितला, आणि घड्याळं मागे गेल्यावर तो एक मिळवायचा नसतो हेही. आणि मग थांबता येईना. वेल्स सांगितलं, दूध, फ्लास्क, सिंधू, ऑगस्टमधला फोन. शेवटी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून तेही सांगितलं, की हे मंगळवारी मी मागे केलं. नसतं केलं, तर त्यांच्या घड्याळाशी त्यांचा तो अधिक एक बरोबर जुळला असता.

निखिल उठून सिंककडे गेला. दोन कप होते, ते त्याने धुतले, पुसले, परत धुतले. "तुला माहिती होती," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "सोळा महिने. आणि मी दर संडेला फोन करत होतो, आणि आई सांगायची, आय अ‍ॅम फाइन." मी म्हटलं, त्यांनी मला सांगू नकोस म्हटलं होतं. "आई आजारी होती. तू नव्हती." त्यांची चावी त्यांच्याजवळ राहावी असं मला मनापासून वाटत होतं, हे खरं. आणि निखिलला सांगण्याचा अवघड प्रसंग मला नको होता, हेही तेवढंच खरं. यातलं कुठलं किती, हे मला वेगळं करता आलेलं नाही. मृत्यूच्या चौकशीसाठी जो अधिकारी माझ्याकडे आला त्याला मी सगळं लिहून दिलं आहे, आणि पुढे सुनावणीत विचारतील तेव्हाही हेच सांगेन.

त्यानंतर तीन आठवडे निखिलचा फोन नाही. मग मागच्या शनिवारी आला. पोलिसांनी आईची गाडी परत दिली आहे, म्हणाला. त्याला तो किनारा बघायचा आहे आणि वाट माहीत असलेली मीच एक आहे. रविवारी मी लेस्टरला गेले आणि तिथून आम्ही त्यांच्याच गाडीने निघालो. वाटेत फारसं बोलणं झालं नाही. मी फक्त वळणं सांगत होते. पोचलो तेव्हा भरती होती, वाळू जवळजवळ नव्हतीच, राखाडी पाणी गवताला लागलेलं आणि वारा तोंडावर. तो काठावर उभा राहिला. "मी कधी आलो नाही तिच्याबरोबर," म्हणाला. "ती विचारायची. मला वाटायचं, एवढा लांब काय आहे तिथे." मग, "काय करायची ती इथे?" मी म्हटलं, "काही नाही. उभ्या राहायच्या. स्वतःचा श्वास ऐकायच्या." तो ऐकत राहिला. पण वारा फार होता.

परत गाडीत बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं. येताना मी रस्ता बघत होते म्हणून दिसलं नसावं. शरयूताई जेमतेम पाच फूट. त्यांची सीट अगदी पुढे ओढलेली असायची. निखिल सहा फुटांचा. त्याचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना टेकले होते, कोपर दाराला लागत होतं, मान खाली घातल्याशिवाय त्याला समोरचं दिसत नव्हतं. आरसा त्याने त्याच्या उंचीला लावून घेतला होता, सीट मात्र नाही. मी म्हटलं, "अरे, मागे घे ना सीट. खाली लिव्हर आहे, डाव्या हाताला."

"माहिती आहे," तो म्हणाला. त्याने गाडी सुरू केली. "आई इथे बसली होती."

आणि लेस्टर येईपर्यंत अडीच तास तो तसाच बसून, गुडघे वर घेऊन, एकेक गिअर सांभाळत गाडी चालवत राहिला.